यंत्राचा सोमवार

“गेला,” दिघावकर सर म्हणाले.

नियंत्रण कक्षातल्या मोठ्या पडद्यावर एक हिरवी रेघ असायची. रिंगमध्ये बीम, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत, फिरत असला की रेघ वर, नसला की तळाशी. त्या बुधवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी ती वरून थेट तळाला आली. ठिणगी नाही, धूर नाही. पाणी ठीक, निर्वात ठीक, तापमान ठीक. फक्त बीम नव्हता.

सरांनी चष्मा काढून रुमालानं पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “निकाळजे, नोंद करा.”

मी खंडाची, म्हणजे यंत्र मध्येच बंद पडल्याची, नोंदवही ओढली. तारीख आणि वेळ लिहिली, आणि ‘कारण’ या रकान्यात लिहिलं, ‘अज्ञात’. चार महिन्यांतलं ते एकेचाळिसावं अज्ञात होतं. बाकीचे खंड कुणाच्या ना कुणाच्या नावावर पडले होते. कुठला पंप, कुठली तार, कुठला माणूस, सगळं सापडलं होतं. ही एकेचाळीस मात्र बेवारस होती, आणि ती सांभाळायला मला नेमलं होतं.

दार उघडून अस्मा मुजावर आत आली. मिरजेची, माझ्याच वयाची, सव्वीस-सत्तावीसची. तीन वर्षं ती लाल विंचवाच्या विषातलं एक प्रथिन वेगळं काढून त्याचे स्फटिक वाढवत होती. ते विष हृदयाला नेमकं कुठे धरतं, हे त्या प्रथिनाचा आकार कळल्याशिवाय समजणार नव्हतं. आणि आकार कळायला स्फटिकावर आमच्या बीमचा प्रकाश सलग सहा तास पडायला हवा होता. मध्ये खंड पडला तर स्फटिक अर्धा जळालेला आणि माहिती अर्धवट. म्हणजे दोन्ही वाया.

“किती झालं होतं?” मी विचारलं.

“चार तास वीस मिनिटं.”

“आता किती राहिले?”

“एक.” ती खुर्चीवर बसली नाही, दाराला टेकून उभी राहिली. “तोही पुढच्या बुधवार-गुरुवारपर्यंत टिकेल. मग त्याचं दही होतं. नवीन वाढवायला दीड वर्ष लागतं आणि माझी शिष्यवृत्ती जूनमध्ये संपते.”

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “मंगळवारी सकाळी तुम्हाला आठ तास देतो. बुधवारपासून वार्षिक बंद आहे, दहा आठवडे. त्यापलीकडे माझ्या हातात काही नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “निकाळजे, मंगळवारपर्यंत ते अज्ञात शोधा.”

जणू मी ते खिशात घालून हिंडत होते.

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. हिवरटेकच्या माळावर आमची प्रयोगशाळा होती आणि तिच्या पोटात दीडशे मीटर घेराची ती रिंग. मी नोकरीला लागले त्या दिवशी दिघावकर सर मला जाड काचेच्या एका खिडकीपाशी घेऊन गेले होते. खिडकीत निळसर पांढरा, मुगाच्या दाण्याएवढा ठिपका दिसत होता. इतका स्थिर की भिंतीवर रंगवलाय असं वाटावं. “हे इलेक्ट्रॉन आहेत,” ते म्हणाले, “त्यांचा प्रकाश आहे. एका सेकंदात वीस लाख फेऱ्या. तुम्ही पापणी मिटून उघडेपर्यंत पुण्याहून दिल्लीला कितीतरी वेळा जाऊन येतील.” मला हसू आलं नाही, रडू आलं. का ते तेव्हा कळलं नाही आणि आज सांगता येतं असंही नाही. एवढं अफाट काहीतरी इतकं शांत असू शकतं, हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर सहा महिन्यांत माझी नेमणूक ‘खंड नियोजन’ विभागात झाली. विभाग म्हणजे मी आणि एक कपाट. यंत्र कधी बंद पडलं ते लिहायचं आणि कधी मुद्दाम बंद ठेवायचं ते ठरवायचं. ठरवायलाही फारसं काही नव्हतं, कारण ते सरांनी केव्हाच ठरवून ठेवलं होतं. दर सोमवारी यंत्र बंद. काहीही झालं तरी बंद. प्रशिक्षणात आम्हाला एक आलेख शिकवत, त्याचं नावच पडलं होतं ‘दिघावकर वक्र’. यंत्राला फार वेळा विश्रांती दिली तर काम बुडतं, फार कमी दिली तर यंत्र स्वतःच विश्रांती घेतं; या दोन्हींचा मध्य सात दिवसांवर येतो, असं तो आलेख सांगे. अकरा वर्षांत एकही सोमवार मोडला नव्हता. दिल्लीहून मोठे पाहुणे सोमवारी आले तर त्यांना बंद यंत्र दाखवलं जाई.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी प्रत्येक विभागाचा उंबरा झिजवला. चुंबकवाले म्हणाले, आमचं काही नाही, पाणीवाल्यांना विचारा. पाणीवाले म्हणाले, वीजवाल्यांना विचारा. वीज विभागाच्या प्रमुखांनी माझ्यापुढे कागदाची एक लांब पट्टी सोडली. बाहेरून येणाऱ्या विजेचा दाब दर दहा मिनिटांनी मीटर छापत होतं, आणि सगळे आकडे ओळीत उभ्या शाळकरी मुलांसारखे एकसारखे होते.

“बघा, दाब हललाच नाही,” ते म्हणाले. “नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणू नका.”

मी चिडून बाहेर आले. जिन्यात उभी असताना डोक्यात आलं की मीटर दहा मिनिटांची सरासरी छापतं. पाव सेकंदाचा खड्डा त्यात बुडून जाईल. पण असा खड्डा पाडणार कोण? आमच्यासाठी वीज कंपनीच्या उपकेंद्रापासून वेगळी तार ओढलेली होती. तिच्यावर दुसरं कुणीच नव्हतं.

रविवारी सकाळी ती तार बघायला म्हणून मी पायी निघाले. खांबांना कुठे फांदी घासतेय का, एवढाच विचार होता. अस्मा अतिथिगृहाच्या ओट्यावर बसलेली होती. तिला म्हटलं, चल, बसून तरी काय करणार आहेस.

माळ उतरला की खाली हिवरट्याचं शिवार. मार्च संपत आला होता. कांद्याचे वाफे, मध्येच गव्हाची कापणी झालेली रानं, आणि त्यांच्यामधून आमचे खांब उपकेंद्राकडे गेलेले. फांदी कुठेच घासत नव्हती. दोन तास चालून आम्ही दमलो आणि एका विहिरीपाशी लिंबाखाली टेकलो. विहिरीवर मोटरीची छोटी खोली होती आणि तिच्या पायरीवर पन्नाशीच्या एक बाई खुरपं घासत बसल्या होत्या.

“पानी पाह्यजे का, पोरींनो?” त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तांब्या पुढे केला. “माळावरच्या का तुमी? गोल बिल्डिंगीतल्या?”

“हो. मी निकाळजे. ही अस्मा, पाहुणी आहे.”

“मी ठकूबाई. कोळप्यांची.” त्यांनी आमच्या चपलांकडे पाहिलं. “खांबं मोजत हिंडताय व्हय?”

“तारेला काही लागतंय का ते बघतोय. आमचं यंत्र मध्येच बंद पडतं.”

“लाइट जाती का?”

“नाही हो, लाइट जात नाही. तीच तर पंचाईत आहे.”

ठकूबाई हसल्या. “आमची जातीच. सकाळधरनं नाय. आली की धा मिन्टं, नाय तर दोन तास. तिच्या मनावर.” भारनियमनाचे दिवस होते ते. शेतीच्या विजेला वेळेचा नेम नव्हता.

“मग तुम्ही इथे वाट बघत बसता?” अस्मानं विचारलं.

“कशाला? ऑटोवर टाकलीय.” त्यांनी खोलीतल्या पेटीकडे बोट दाखवलं. “लाइट आली का मोटर आपली आपण चालू. सगळ्यांच्याच ऑटोवर असत्यात. रातीच्याला कोन उठून बटन दाबंल? ह्या पाच गावांत हजार-बाराशे मोटरी असतील.”

त्यांचं वाक्य पुरतं संपलंही नसेल. पेटीवरचा दिवा लागला, पेटीत खट्ट झालं आणि आमच्या पाठीमागे पाइपानं एक उसासा टाकला. मग पाणी आलं. आणि फक्त तिथेच नाही. मी उभी राहिले. खालच्या बांधावर पाणी उडालं, त्याच्या पुढच्या विहिरीवर उडालं, ओढ्यापलीकडे उडालं. त्या सबंध खोऱ्यात, नजर पोचेल तिथवर, एकाच क्षणी पांढऱ्या धारा उसळल्या. एक माणूस कुठे हलला नव्हता. कुणी हाक दिली नव्हती. पाच गावांची जमीन जणू एकदम जागी झाली. अस्मानं माझा दंड घट्ट धरला. त्या काचेच्या खिडकीपुढे जे वाटलं होतं तेच मला इथे, चिखलात उभं राहून वाटत होतं.

“आता चा घ्या,” ठकूबाई म्हणाल्या. “पाव तासानं तुमचा भोंगा वाजंल, मग जावा.”

“आमचा भोंगा?”

“व्हय. आमची मोटर चालू झाली का पाव तासानं तुमचा भोंगा वाजतो. दर बारीला नाय, पन पाचाही गावांची लाइट एकदम आली म्हंजी वाजतोच. आमाला वाटायचं, तुमचंबी पानी तवाच चालू व्हत आसंल.”

भोंगा आमच्याकडे एकाच कामासाठी वाजे. बीम गेला, पाव तासाची तपासणी झाली, आता पुन्हा भरायचा आहे, सगळ्यांनी रिंगच्या दालनातून बाहेर पडा.

ठकूबाईंनी तीन काटक्यांवर चहा ठेवला. मी घड्याळ बघत होते. बारा मिनिटं झाली. चौदा झाली. चहा गुळाचा होता आणि मला त्याची चव लागत नव्हती. सोळाव्या मिनिटाला माळावरून भोंगा आला, लांब, घोगरा, ओळखीचा.

“वाजला,” ठकूबाई म्हणाल्या.

अस्मा एकदम रडायला लागली, आणि रडता रडता हसायलाही. मी मात्र मनातल्या मनात स्वतःला झोडपत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. आमचं उलटं झालं होतं. कळसा गावात ठेवून आम्ही चार महिने काखा तपासत बसलो होतो. तार आमची वेगळी होती खरी, पण ती निघत होती त्याच उपकेंद्रातून, त्याच एका मोठ्या रोहित्रावरून. बाराशे मोटरी एकदम उठल्या की सगळ्याच तारांचा श्वास पाव सेकंद अडकत होता.

मग मला दुसरी गोष्ट सुचली. कारण कळलं होतं, पण मंगळवार परवावर आला होता. वीज कंपनीला पत्र लिहा, त्यांनी तारा एकापाठोपाठ एक चालू कराव्यात, त्याला मंजुरी, मग बैठक. पावसाळा उजाडला असता.

“ठकूबाई,” मी म्हटलं, “परवा मंगळवारी सकाळी सहा-सात तास सगळ्यांनी ऑटो बंद ठेवले तर?”

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मलाच लाज वाटली. “पोरी, कांदा बघ. चार दिस झालं पानी नीट नाय. माझ्या एकलीचं सोड, बाराशे जनांच्या दारात कवा जाशील?” मग खुरप्याची धार बोटानं तपासत त्या सहज म्हणाल्या, “सोमवार आसता तर इचारायचंबी काम नव्हतं.”

“का?”

“सोमवारी पाच गावांत कोनी मोटर लावीत नाय. टेकेश्वर म्हादेवाचा वार. सोमवारी बैलाच्या मानंवर जू ठेवायचं नाय, ही पैल्यापासूनची रीत. मग इहिरीवरची मोट गेली आन् ही मोटर आली. लोक म्हनले, ही काय बैलाचंच काम करती. मग तिलाबी सोमवार. आयतवारी सांजच्याला ऑटो बंद. तुमचा भोंगाबी सोमवारी वाजत नाय. तुमीबी पाळता, बरं हाय.”

“आम्ही पाळत नाही,” मी म्हटलं. “ते आमचं देखभालीचं चक्र आहे. शास्त्रीय कारणानं.”

“आसंल,” ठकूबाई म्हणाल्या.

माळ चढताना मी जवळजवळ पळत होते. आठवड्यातला जो एक दिवस आमच्या तारेला धक्का बसत नव्हता, नेमका त्याच दिवशी आम्ही यंत्र बंद ठेवत होतो. सोमवारी बीमच नसे, म्हणून सोमवारी खंडही नसे, म्हणून नोंदवहीत काही दिसण्याची सोयच नव्हती.

दिघावकर सर रविवारी घरी कधीच नसत. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी एका शब्दानं अडवलं नाही. ऐकून झाल्यावर उपकेंद्राला फोन लावला. तिथल्या वहीत शेतीची वीज किती वाजता सोडली ते मिनिटासकट लिहिलेलं असे. पलीकडचा माणूस वाचत गेला, मी आमच्या नोंदवहीतली वेळ वाचत गेले आणि सर पेन्सिलीनं खुणा करत गेले. पाऊण तास लागला. एकेचाळीस बेवारस खंडांपैकी अडतीस जुळले. शेवटी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

“सर, उद्या सोमवार आहे,” मी म्हटलं.

“दिसतंय मला.”

“उद्या यंत्र चालवलं तर अस्माचं काम होईल.”

“निकाळजे, उद्या तिसऱ्या पंपाचं बेअरिंग बदलायचं आहे. आठवडाभर तो थरथरतोय. मी त्याला सांगितलंय सोमवारपर्यंत थांब.” त्यांचा आवाज कोरडा होता. “एक दिवस विश्रांती दिली नाही तर यंत्र स्वतः महिना घेतं. अकरा वर्षं मी हे सांगत आलोय आणि तुम्ही मला मोडायला सांगताय. कुणाच्या शब्दावर?”

“ठकूबाई म्हणून एक आहेत. कोळपे.”

सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. “कोळपे? मुकादमांच्या कोण?”

“ते नाही विचारलं. पण मोटरीलाही सोमवार असतो, असं म्हणाल्या. बैलासारखा.”

ते खुर्चीत मागे टेकले. मी त्यांना तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“ह्या रिंगच्या बोगद्याचं काँक्रीट कोळपे मुकादमांच्या माणसांनी ओतलं,” ते म्हणाले. “सगळी ह्याच पाच गावांची. पहिल्याच सोमवारी एक माणूस कामावर नाही. मी तिशीचा, परदेशातून शिकून आलेला, डोक्यात वारं शिरलेलं. गावात जाऊन आरडाओरडा केला. मुकादम म्हणाले, साहेब, सोमवारी आमचा मिक्सर फिरत नाही. मी म्हटलं, अहो, मिक्सर लोखंडाचा आहे, त्याला कसला आलाय वार? ते म्हणाले, लोखंडाचा आहे म्हणून त्याला बोलता येत नाही, मग आपणच समजून घ्यायचं. दोन वर्षांत बाकीच्या कंत्राटदारांचे मिक्सर किती वेळा मोडले याची मोजदाद नाही. मुकादमांचा एकदाही नाही. सोमवारी ते तो खोलून धुवायचे, तेल द्यायचे आणि झाकून ठेवायचे.”

माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. “म्हणजे आपला सोमवार...”

“तिथला आहे. यंत्र सुरू झालं तेव्हा समितीपुढे असं कसं सांगणार? म्हणून आलेख काढला. सात दिवस आधी ठरले होते, वक्र मागून आला.” त्यांच्या तोंडावर हसू होतं आणि डोळे ओले होते. “गंमत अशी की वक्र बरोबर निघाला. मी तो दहा वेळा तपासला आहे.”

प्रशिक्षणात तो आलेख मी पाठ केला होता, परीक्षेत काढला होता.

“एकदा पूर आला होता,” सर पुढे म्हणाले. “सोमवारी काँक्रीट पडलं नसतं तर पाया वाहून गेला असता. मुकादम स्वतः माणसं घेऊन आले. म्हणाले, साहेब, वार बदलू, पण मोडायचा नाही. सोमवारी राबले आणि मंगळवारी सगळे देवळात जाऊन बसले.” ते उठले. “मुजावरबाईंना सांगा, उद्या सकाळी नवाला तयार राहा. आणि फलकावर लिहा, मंगळवारी यंत्र बंद.”

सोमवारी नऊ वाजता अस्मानं तिचा शेवटचा स्फटिक लावला. केसाएवढ्या तारेच्या टोकावर खडीसाखरेचा कण असावा, तेवढाच तो. सर तिसऱ्या पंपाजवळ खुर्ची टाकून बसले. वीज विभागातून मी पाव सेकंदाचीही हालचाल टिपणारं यंत्र मागून आणलं होतं आणि त्याची शाईची रेघ बघत बसले होते. उपकेंद्रातला कालचा माणूस आता आमच्यात सामील झाला होता. वीज सोडली की फोन करायचं त्यानं कबूल केलं होतं.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला. “सोडली, पाचही गावं,” तो म्हणाला.

मी श्वास धरून रेघेकडे पाहिलं. रेघ हलली नाही. मुंगीएवढाही खड्डा नाही. विजेनं पाच गावांच्या बाराशे पेट्यांची दारं ठोठावली होती आणि एकाही दारातून ओ आली नव्हती.

मला वाटलं, दहा-वीस मिनिटांत वीज जाईल. गेली नाही. साडेअकरा झाले, साडेबारा झाले. मी उपकेंद्राला फोन केला.

“आज काय विशेष आहे?”

“काही नाही हो बाई. सोमवारी ही गावं वीज घेत नाहीत, मग दाब चांगला राहतो, मग आम्हीही बंद करत नाही. इतकी सलग वीज आठवडाभरात दुसऱ्या कुठल्या दिवशी मिळत नाही त्यांना.”

फोन ठेवला आणि मग मला त्याचा अर्थ कळला. चार दिवसांचा तहानलेला कांदा, आठवड्यातली सगळ्यात चांगली वीज दाराशी उभी, एक बटन दाबायचा अवकाश. बघायला कुणी नाही, विचारायला कुणी नाही. मी रेघेवर डोळे खिळवून होते. हजार-बाराशे घरांपैकी एकाला तरी मोह होईल, असं मला सारखं वाटत होतं. मला झाला असता, हे मी इथे खरं ते सांगते.

तीन वाजून दोन मिनिटांनी अस्मा आली. तिनं हातांची सहा बोटं दाखवली आणि मटकन खाली बसली. सहा तास झाले होते आणि हिरवी रेघ वरच होती.

मी कुणाला न सांगता माळ उतरले. ऊन रणरणत होतं. कांद्याची पात माना टाकून पडलेली. ठकूबाई लिंबाखाली बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून. खुरपं कुठे दिसलं नाही. खोलीतल्या पेटीवरचा दिवा लागलेला होता. मोटरीवर सुती फडकं पांघरलेलं आणि त्यावर हळदीकुंकवाची दोन बोटं.

“झालं का तुमचं?” त्यांनी विचारलं.

“झालं.” मी म्हटलं. “ठकूबाई, लाइट सकाळपासून आहे.”

“हाय की.”

“कांदा वाळतोय.”

“वाळतोय,” त्या म्हणाल्या. “उद्या पानी भेटंल, नाय तर परवा. काही वाफं जातील. पन आज लावली आन् उद्या दुसऱ्यानं लावली, मग सोमवार ऱ्हातो कुटं? एकदा वार गेला का परत येत नाय. तुमच्या यंत्राला आज काम पडलं म्हनं?”

“पडलं. त्याला उद्या देणार आहोत. मंगळवार.”

त्यांनी मान हलवली. “दिला म्हंजी झालं. आमचं मुकादम आसंच म्हनायचे.”

मी चमकून विचारलं, “मुकादम तुमचे कोण?”

“सासरे,” त्या म्हणाल्या आणि तांब्या पुढे केला.

परत आले तेव्हा नियंत्रण कक्षात सर एकटेच होते. अस्मा आकडे घेऊन केव्हाच आत बसली होती. पुढे त्या आकड्यांतून त्या प्रथिनाचा आकार निघाला, आणि ती लिहायला बसली तेव्हा आभारात कुणाकुणाची नावं घालायची म्हणून तिनं मला पत्र पाठवून पाच गावांची नावं विचारून घेतली. तो नंतरचा भाग. त्या संध्याकाळी सरांनी खंडाची नोंदवही माझ्यापुढे सरकवली.

“नोंद करा, निकाळजे.”

“कशाची, सर? आज काही बंद पडलंच नाही.”

“त्याचीच. बंद पडतं तेव्हा आपण कारण शोधतो. चालू राहतं त्याला काही कारण नसतं का?”

मी तारीख लिहिली. नऊ ते तीन, अशी वेळ लिहिली. खंडाच्या रकान्यात शून्य लिहिलं. मग पेन ‘कारण’ या रकान्यावर नेलं. ती वही आता माझ्या कपाटात आहे. नवीन मुलं विभागात आली की मी त्यांना आधी काचेची खिडकी दाखवते आणि मग ते पान. एकेचाळीस वेळा ‘अज्ञात’ लिहिलेल्या त्याच रकान्यात, माझ्याच अक्षरात लिहिलं आहे: ‘कारण: पाच गावांनी मोटर लावली नाही.’